जागा नको, हालचाल मोज

पोरी, परवा फोनवर तू एका दमात विचारलंस, "मामा, पडघ्याच्या नव्या गाळ्यात ऑटोमॅटिक बसवू की साधे रॅक? शुक्रवारपर्यंत सांगायचंय." मी म्हटलं, लिहून पाठवतो. फोनवर सांगितलेलं तू 'हो हो' म्हणत ऐकतेस आणि सोडून देतेस. कोटेशनवाल्याच्या टॅबवरचा व्हिडिओ मात्र तुझ्या डोक्यात घर करून बसलाय. त्या व्हिडिओत एकही खोकं कधी फाटत नाही, हे आधी लक्षात घे.

मी भिवंडीत आलो तेव्हा गोदाम म्हणजे पत्र्याची शेड, खाली कोबा आणि खांद्यावर आकडा टाकलेले हमाल. मुंबईत शिरताना जकात लागायची. म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि गिऱ्हाइकाची मागणी आली की तेवढाच नाक्यावरून आत न्यायचा. त्या एका हिशेबावर काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, मानकोलीची शेतं गाळ्यांनी भरली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली. पुष्कळ जण म्हणाले, भिवंडी संपली. झालं उलटंच. करासाठी राज्याराज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज उरली नाही, आणि कंपन्या चार लहान गोदामं मोडून एक मोठं, उंच गोदाम घेऊ लागल्या. तुझा गाळा त्याच लाटेतला. एवढं उंच छत डोक्यावर आलं की यंत्राचा मोह होणारच. पण सही करण्यापूर्वी हे नऊ कानमंत्र वाच.

१. जागा नको, हालचाल मोज

सगळे पहिला प्रश्न विचारतात, "किती पॅलेट बसतील?" हा प्रश्न दुसरा आहे. ठेवलेला माल भाडं खातो, पण माणसं, डिझेल, ओव्हरटाइम आणि तुझी झोप खातो तो हलणारा माल.

गेल्या बारा महिन्यांचं आवक-जावक रजिस्टर काढ आणि तीन आकडे लिही. साध्या दिवशी किती पॅलेट आत-बाहेर होतात? सगळ्यात गर्दीच्या दिवशी किती? आणि माल बाहेर जातो तो कसा: अख्खं पॅलेट, अख्खं खोकं की सुटे नग? तिसऱ्या आकड्यावर निम्मा निर्णय होतो. अख्खी पॅलेट जात असतील तर रॅक, शटल, क्रेन यांचा विचार. खोकी जात असतील तर कन्व्हेयरचा. सुटे नग जात असतील तर मोठी क्रेन काय करणार? एका साबणाच्या वडीसाठी टनभर माल खाली आणणार आणि परत वर नेणार.

मग एक दिवस खिशात पेन घालून पिकरच्या, म्हणजे मागणीप्रमाणे माल काढून आणणाऱ्या माणसाच्या, मागे फिर. मी एकदा कागदावर गाळ्याचा नकाशा काढून एका पिकरची दिवसभराची वाट रेघांनी दाखवली होती. संध्याकाळी कागद म्हणजे कोळ्याचं जाळं. निम्मा दिवस माणूस नुसता चालत होता. सगळ्यात जास्त खपणारा माल होता अगदी मागच्या भिंतीशी, कारण पहिल्यांदा आला तेव्हा तिथे जागा रिकामी होती, एवढंच. तो डॉकजवळ आणून ठेवायला दोन दिवस लागले. यंत्र एकही घेतलं नाही आणि त्याच महिन्यात ओव्हरटाइम थांबला. म्हणून कोणतंही कोटेशन बघताना त्याच्या शेजारी आणखी एक कागद ठेवायचा: आहे तोच गाळा नीट लावला तर काय होईल?

२. यंत्राला माल आवडतो का, ते बघ

यंत्राला एकसारखा माल आवडतो. सारखी खोकी, सारखी पॅलेट, सारखं वजन. गोणी, रंगाचे डबे, पाइप, गाद्या, सोफे असा मिसळीचा माल असेल तर माणूस आणि फोर्कलिफ्ट यांना तोड नाही.

वाण थोडे आणि प्रत्येकाचा साठा भरपूर असेल, उदाहरणार्थ शीतपेयं, तर ड्राइव्ह-इन (फोर्कलिफ्ट आत शिरते तो खोल रॅक) किंवा शटल रॅक (पॅलेट आत-बाहेर नेणारी गाडी असलेला) जागा वाचवतात. पण ड्राइव्ह-इनमध्ये शेवटी गेलेलं पॅलेट आधी बाहेर येतं. मुदत संपणाऱ्या मालाला ते घातक. औषधं आणि बिस्किटं आत मागे कुजत बसतात आणि ताजा माल पुढून निघून जातो. शटल दोन्ही तोंडांनी चालवता येतं, एकीकडून भर आणि दुसरीकडून काढ. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंना बोळ सोडावा लागतो. वाण हजारो आणि नग छोटे असतील, चाकणच्या गाडी-कारखान्यांच्या सुट्या भागांसारखे, तर उभं ट्रे-कपाट कामाचं. बटण दाबलं की हवा तो ट्रे कमरेच्या उंचीला येतो. वाकणं नाही, शिडी नाही.

एका ठिकाणी मात्र मी डोळे झाकून यंत्राच्या बाजूचा: उणे वीस अंशांच्या शीतगृहात. तिथे माणूस फार वेळ टिकत नाही, टिकूही नये.

३. बोळाचा आणि छताचा हिशेब हाताने कर

हे गणित विक्रेत्याकडून करून घेऊ नकोस, स्वतः कर. आपलं नेहमीचं पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचं. पाठीला पाठ लावलेल्या दोन ओळींना मधल्या फटीसकट साधारण २.६ मीटर लागतात. साध्या फोर्कलिफ्टला वळायला सुमारे ३.६ मीटरचा बोळ हवा, रीच ट्रकला २.८, अरुंद बोळाच्या खास ट्रकला १.७. आता साठ मीटर रुंदीची शेड घे. फोर्कलिफ्टने अठरा ओळी बसतात, रीच ट्रकने बावीस, खास ट्रकने सव्वीस. म्हणजे छताला हात न लावता, क्रेन न घेता, नुसता फोर्कलिफ्टऐवजी रीच ट्रक घेऊन चार ओळी वाढल्या. त्यात रीच ट्रक दहा मीटरपर्यंत सहज पोचतो, साधा फोर्कलिफ्ट पाच-सहा मीटरला थांबतो.

पण वर जायचं तर खाली बघ. ट्रकच्या दोन चाकांत सव्वा मीटर अंतर आहे आणि एका चाकाखाली जमीन तीनच मिलिमीटर दबलेली आहे असं समज. दहा मीटर उंचीवर काटा जवळपास अडीच सेंटिमीटर बाजूला जातो. तेवढ्यात पॅलेट बीमला घासतं. म्हणून अरुंद बोळ घेण्याआधी जमिनीची पातळी मोजून घे, नंतर कोबा फोडत बसायची वेळ येऊ नये. आणि छताची सगळी उंची आपली नसते. स्प्रिंकलर आणि माल यांच्यात मोकळी जागा सोडावीच लागते.

क्रेनवाली उंच गोदामं कुठून आली, तेही ऐक. १९६२ साली जर्मनीत ग्युटर्सलोह इथे बर्टेल्समान या प्रकाशन कंपनीसाठी क्रेन बनवणाऱ्या डेमागने वीस मीटरहून उंच, आपोआप चालणारं पॅलेट-गोदाम उभारलं. त्या काळी पश्चिम जर्मनीत हाताला माणूस मिळत नव्हता, तुर्कस्तानातून कामगार आणले जात होते. तिथे तो हिशेब बसला. आपला हिशेब आपल्या जमिनीच्या भावावर आणि आपल्या मजुरीवर मांडायचा.

४. भाड्याच्या अंगणात आंबा लावू नकोस

तुझा गाळा भाड्याचा. गिऱ्हाइकाचा करार तीन वर्षांचा. आणि यंत्राचे पैसे फिटायला सहा-सात वर्षं लागतील, असं तुझ्याच कागदावर लिहिलंय. उरलेली तीन-चार वर्षं कोणाच्या मालावर काढणार?

साधा रॅक बोल्ट काढून दुसऱ्या गाळ्यात नेता येतो, विकताही येतो. क्रेन, तिचे रूळ आणि तिचा पाया त्या जमिनीचेच होतात. मधला मार्ग आहे तो जमिनीवर धावणाऱ्या रोबोंचा. ते शेल्फ उचलून माणसापर्यंत आणतात, माणूस जागचा हलत नाही. किवा नावाची कंपनी ते बनवायची. ॲमेझॉनने २०१२मध्ये ती ७७.५ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. आता आपल्या देशातही असे रोबो बनतात. गाळा बदलला तर ते ट्रकमध्ये घालून नेता येतात. भाडेकरूने यंत्राचा विचार केलाच तर अशाचा करावा.

५. दिवाळीच्या आदल्या आठवड्याला विचार

पॅलेट उचलणारी एक क्रेन तासाला साधारण वीस-पंचवीस दुहेरी फेऱ्या करते: जाताना एक ठेवते, येताना एक आणते. तीन क्रेन आणि दहा तास धरले तर फार तर साडेसातशे पॅलेट बाहेर. दिवाळीआधीच्या सोमवारी गिऱ्हाइकाने हजार मागितली तर? माणसांच्या गोदामात मुकादमाला फोन केला की दुसऱ्या पाळीला आणखी एक टोळी येते. क्रेनना कितीही चहा पाजला तरी त्या साडेसातशेच देतात.

म्हणून यंत्र घ्यायचं ते रोजच्या कामापुरतं आणि सणाची गर्दी हाताने काढायची. गर्दीच्या दिवसाच्या मापाने यंत्र घेतलंस तर वर्षातले अकरा महिने ते आळस देत उभं राहील आणि हप्ता मात्र बाराही महिने जाईल.

६. पसाऱ्याला मोटार जोडू नकोस

एका मोठ्या गोदामात यंत्रणा सुरू करायच्या वेळी मी होतो. नाव सांगत नाही. जुलै महिना, धो धो पाऊस. पहिल्याच दिवशी आत जाणाऱ्या पॅलेटांपैकी बरीच परत येऊ लागली. आत जाण्याआधी एक चौकट असते, पॅलेटचा आकार तपासणारी. ती लाल दिवा लावायची आणि माल परत पाठवायची. इंजिनियर लॅपटॉप घेऊन बसले. दुपारी एक म्हातारा हमाल खाली वाकला, पॅलेटच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, फळी फुगलीय." लाकूड पावसाने ओलं होऊन कडेची फळी बोटभर बाहेर आली होती, एका ठिकाणी खिळाही डोकावत होता. चौकटीचं चुकत नव्हतं. आमची पॅलेट चुकीची होती. दुसऱ्याच दिवशी आणखी एक गंमत: खोक्यांवरचे बारकोड दमटपणाने सुरकुतले आणि स्कॅनरला वाचता येईनात. मुळातली साधी शिस्त नव्हती म्हणून कोट्यवधींचं यंत्र खोळंबलं.

मोठमोठ्यांची यंत्रंही अशी खोळंबली आहेत. अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळावर सामान वाहून नेणारी आपोआप यंत्रणा बसवली. ती नीट चालेना. खोळंबलेला विमानतळ ठरल्यापेक्षा सोळा महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५मध्ये उघडला. २००५मध्ये ती यंत्रणा बंद करून पुन्हा माणसं आणि गाड्या लावल्या.

तेव्हा आधी घर आवर. प्रत्येक कप्प्याला क्रमांक, प्रत्येक खोक्याला वाचता येणारा बारकोड, एकाच मापाची धड पॅलेट, आणि ज्या कप्प्यात माल आहे असं कॉम्प्युटर सांगतो तिथे तो खरंच असणं. रोज सकाळी वीस कप्पे उघडून मोज. लागोपाठ तीन महिने विसापैकी वीस जुळले, तर तू यंत्राचं नाव काढायला मोकळी.

७. चालतं कसं ते नको, बंद पडल्यावर काय ते विचार

विक्रेत्याला तीन प्रश्न विचार आणि उत्तरं करारात लिहून घे. क्रेन पंधरा मीटरवर पॅलेट धरून अडकली तर ते खाली कोण आणि कसं आणणार? मेकॅनिक कुठून येणार, पुण्याहून की परदेशातून, आणि किती तासांत? सुटे भाग भारतात कुठल्या गोदामात ठेवलेत? तोंडाने "डोन्ट वरी मॅडम" म्हणतो तो माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत असतो.

वीज गेली तर जनरेटर किती वेळात उचलतो आणि वीज आल्यावर कॉम्प्युटरला कुठलं पॅलेट कुठे आहे हे आठवतं का, ते प्रत्यक्ष मेन स्विच पाडून बघ, ज्यांच्याकडे ही यंत्रणा चालू आहे त्यांच्या गोदामात. २६ जुलै २००५चा पाऊस तू लहानपणी पाहिलास. मोटारी, पॅनेल आणि चार्जर जमिनीपासून किती वर बसवणार, हे तोच दिवस आठवून ठरव.

आणि आग. इंग्लंडमध्ये अँडोव्हरला ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीचं रोबोवालं गोदाम फेब्रुवारी २०१९मध्ये जळून गेलं. सुरुवात झाली ती रोबोच्या बॅटरी चार्जिंगच्या भागातल्या बिघाडाने. २०२१मध्ये त्यांच्याच एरिथच्या गोदामात तीन रोबो एकमेकांवर आदळून पुन्हा आग लागली. दाटीवाटीने भरलेल्या मालात बंबवाल्याला शिरायला वाट नसते. सही करण्यापूर्वी तुझ्या विमा कंपनीच्या माणसाला आराखडा दाखव, नंतर नको.

८. साधं म्हणजे निर्धोक नव्हे

हे सगळं वाचून तुला वाटेल, मामा जुन्या वळणाचा. तसं नाही. साध्या रॅकनेही माणसं मारली आहेत. फोर्कलिफ्टचा एक धक्का बसून उभा खांब वाकतो, कुणी बोलत नाही, आणि महिन्याने अख्खी ओळ खाली येते. दर ओळीच्या तोंडाशी लोखंडी रक्षक हवा, प्रत्येक बीमला पिन हवी, आणि किती वजन चालतं त्याची पाटी मराठी-हिंदीत हवी. वाकलेला खांब हातोडीने सरळ करायचा नाही, बदलायचा. आणि बदलेपर्यंत त्यावरचा माल उतरवून ठेवायचा.

९. माणसाचा हिशेब नीट मांड

कोटेशनमध्ये एक ओळ असते: "इतकी माणसं वाचतील." वाचलेल्या माणसांच्या पगाराशेजारी यंत्राचा देखभाल करार, सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क, वीज, व्याज, आणि ते यंत्र चालवणाऱ्या दोन शिकलेल्या पोरांचा पगार लिही. मग वजाबाकी कर. आपल्याकडे १९६९चा माथाडी कायदा आहे. हमालाची नोंदणी, मजुरी आणि लेव्ही माथाडी मंडळामार्फत होते. माणसं कमी करायचा विचार करताना तो आधी समजून घे आणि टोळीशी समोरासमोर बोल. पाठीमागे केलेलं काम गोदामात लपत नाही.

पण उलट बाजूही बघ. पन्नास किलोची गोणी तीस वर्षं उचलणाऱ्या माणसांच्या पाठी मी पाहिल्या आहेत. डॉकची पातळी जुळवणारा पूल, ट्रकमध्ये शिरणारा कन्व्हेयर, पॅलेटला प्लास्टिक गुंडाळणारं यंत्र ही स्वस्त यंत्रं आधी घे. त्यांचे पैसेही लवकर फिटतात आणि माणसाची कंबरही राहते. ज्या हमालाने फळी फुगलेली ओळखली, त्याला स्कॅनर हातात दे. शिकेल तो.

आता माझा कौल. पडघ्याच्या गाळ्यात साधे सिलेक्टिव्ह रॅक, म्हणजे प्रत्येक पॅलेट वेगळं काढता येणारे, लाव आणि सोबत रीच ट्रक घे. तुझ्या खपणाऱ्या शीतपेयांच्या दोन वाणांसाठी एक छोटा शटलचा भाग कर, दोन्ही तोंडांनी उघडा. पहिल्या दिवसापासून कप्पा-क्रमांक आणि हातातले स्कॅनर चालू कर. एक कोपरा जमीन नीट सपाट करून रिकामा सोड. तीन वर्षांनी करार वाढला आणि रोजचे आकडे वाढले, तर तिथे रोबो येऊ दे. क्रेनचं नाव, गाळा स्वतःच्या मालकीचा झाल्यावर काढ.

आणि शुक्रवारी त्या कोटेशनवाल्याला "हो"ही सांगू नकोस आणि "नाही"ही. म्हणावं, मामांनी आधी रजिस्टर मागितलंय. सोमवारी सकाळी बारा महिन्यांचं आवक-जावक घेऊन घरी ये. चहा मी ठेवतो, बेरीज तू कर.